आप्पांचा खुराक

आमच्या गल्लीत रोज सकाळी एक शहात्तर वर्षांचा माणूस सरकी पेंडीच्या पोत्याला मिठी मारतो. दोन्ही हात पोत्याच्या मागे नेऊन बोटांत बोटं गुंतवतो, गुडघे वाकवतो, पोत्याच्या कानात काही सांगायचं असल्यासारखा गाल टेकवतो आणि 'हूंऽ' करून ते उभं करतो. मग पोत्यासकट अर्धा वळतो आणि ते शेजारच्या कट्ट्यावर बसवतो. ठेवत नाही, बसवतो. बसवलं की पोतं कलंडणार नाही ना ते बघतो, आणि परत खाली आणतो.

या माणसाकडे म्हैस नाही. गाय नाही. शेळीसुद्धा नाही. गल्लीत नवा भाडेकरू आला की तो दोन-तीन दिवस खिडकीतून हे बघतो आणि मग कुणाला तरी हळूच विचारतो. जुनी मंडळी सांगतात, "आप्पा हायेत ते. व्यायाम चाललाय."

शंकरआप्पा माझ्या समोरच्या घरात राहतात. मूळचे बिद्रीकडचे. दूध संघात श्रीखंडाच्या विभागात त्यांनी नोकरी केली आणि निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. काही वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीला, मालूकाकूंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तेव्हापासून काकूंना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत आणि न्हाणीतून परत पलंगावर नेण्याचं काम आप्पा एकटे करतात. पोत्यात पेंड किती ठेवायची हे त्यांनी गिरणीच्या काट्यावर ठरवलं होतं. काकूंच्या वजनाइतकी. पुढे काकू वाळत गेल्या, तरी आप्पांनी पोत्यातली पेंड कमी केली नाही. "भरंल की ती परत," म्हणाले.

आप्पांच्या आयुष्यात आता एकच प्रश्न उरला आहे. आपल्या अंगातली ताकद काकूंना शेवटपर्यंत पुरेल का? बाकीच्या गोष्टी, म्हणजे देव, निवडणुका आणि पुण्यातला मुलगा, हे सगळं त्यांच्या लेखी फावल्या वेळातलं.

म्हातारपण नैसर्गिक असतं, हे आप्पांना मान्य नाही.

"म्हातारपण म्हंजे काय वो सर? खुराकाची चोरी!" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता मीच ते पूर्ण करतो. त्यांचं म्हणणं असं, की माणूस साठीला आला की घरातले लोक गुपचूप त्याचं ताट हलकं करतात. दूध नातवाला जातं, अंडं मुलाला. रस्सा वाढतात पण फोड पाहुण्याच्या ताटात पडते. म्हाताऱ्याला दोन वेळा चहा आणि बटर. "आन मग म्हणायचं, म्हातारा वाकला. वाकंल न्हाय तर काय उडंल?"

म्हणून आप्पांनी स्वतःचा खुराक स्वतःच्या हातात घेतला. जीवनसत्त्वांना त्यांनी आपल्या सोयीची नावं ठेवली आहेत. बी-ट्वेल्व्ह म्हणजे 'बारा नंबर'. लोह म्हणजे 'गंज'. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीला ते 'मिसळ' म्हणतात. माशाच्या तेलाची कॅप्सूल त्यांना नुसती गिळायला पटत नाही. ते ती सुईनं टोचून आमटीत पिळतात, कारण पोटात गेलेल्या वस्तूची चव जिभेला कळली पाहिजे. त्या दिवशी आमटी दुसरं कुणी खात नाही. तसंही घरात दुसरं कुणी नाही. काकूंची पेज वेगळी शिजते.

'ड' मात्र ते बाटलीतून आधी घ्यायला तयार नव्हते. भर अकराच्या उन्हात गच्चीवर शर्ट काढून, पाठ सूर्याकडे करून बसायचे. शेजारच्या गच्चीवर सुमनवहिनी कुरडया घालत असायच्या.

"आवं आप्पा, शर्ट तरी घाला की!"

"शर्टाला ड मिळून काय उपयोग, वैनी?"

"माणसं बघत्यात!"

"बघू द्यात. त्यास्नी म्हणावं, तुमीबी काढा."

गल्लीत कुणाला भेटले की आप्पा नमस्कार करत नाहीत, हात पुढे करतात. आपण भाबडेपणाने हात दिला की ते तो दाबतात आणि आपल्याला उलट दाबायला लावतात. मग निकाल लागतो. "मूठ गेली तुमची." पोस्टमन, गॅसवाला, मतं मागायला आलेला उमेदवार, कुणीही सुटलेलं नाही. त्या उमेदवाराला आप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पावणं, तुमची मूठ बघून वाटतंय, पाच वर्सं काय निघत न्हाईत तुमास्नी. पैलं शेंगदाणं खावा." घरी आलेल्या माणसाला खुर्चीतून उठताना हाताचा आधार घेऊ देत नाहीत. "हात वर! नुसत्या मांडीवर उठा!" आमच्या गल्लीतली बरीच माणसं त्यांच्या घरी उभ्यानंच बोलून परत फिरतात.

माझी पत्नी शैला गेली तेव्हा घरी भेटायला लोक येत होते. येत, बसत, तिच्याबद्दल दोन शब्द बोलत आणि मान खाली घालून जात. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. आयुष्यभर शांततेतच काम केल्यामुळे ती शांतता मला जड नव्हती. आप्पा आले, समोर बसले आणि पहिला प्रश्न विचारला, "जेवलासा काय?"

मी म्हणालो, "हो, थोडंसं."

"काय जेवलासा?"

"चहा, पाव."

"आन प्रोटीन?"

खोलीतले सगळे आप्पांकडे बघायला लागले. शैलाच्या मावशीनं तर डोळ्यांना लावलेला पदर बाजूला करून बघितलं. आप्पा शांतपणे म्हणाले, "दुःखाला लई ताकद लागती, मावशी. पावावर निघत न्हाय ते."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी पोतं झालं की आप्पा स्टीलचा पेला घेऊन माझ्या दारात उभे राहू लागले. कधी हुलग्याचं माडगं, कधी नाचणीची आंबील. नाचणी गगनबावड्याकडच्या एका माणसाकडून येते, दुसरी त्यांना चालत नाही. "प्या." मी पेला घेऊन आत जायला लागलो की म्हणायचे, "हितंच प्या. आत गेल्यावर तुमी बेसिनला पाजता." मी प्यायचो. माडगं गरम असायचं आणि आप्पा दारात उभे असायचे, त्यामुळे घाई करता येत नसे आणि टाळताही येत नसे. काही महिन्यांत माझी विजार कमरेला परत बसायला लागली.

प्रोटीनच्या पावडरीचा शोध त्यांना उशिरा लागला. जिमला जाणाऱ्या पोरांचं एक दुकान आहे, तिथं ते मला सोबत घेऊन गेले. दुकानदारानं हसून विचारलं, "काय आजोबा, बॉडी करायची हाय काय?"

"बॉडी हाय की. टिकवायची हाय."

त्यानं एक भलामोठा काळा डबा काढला. आप्पांनी त्याला त्यावरचं सगळं वाचून अर्थ सांगायला लावला. हा पदार्थ दुधाचं पनीर-चक्का केल्यावर जे पाणी राहतं त्यापासून बनतो, हे कळल्यावर आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"चक्क्याचं पाणी?"

"व्हय. व्हे म्हणत्यात त्येला."

"आवं, हे आमी गटारीत सोडत हुतो!" आप्पा दुकानात मोठ्यानं म्हणाले. "रोज! टाक्याच्या टाक्या! सर, त्या गटारीची बॉडी बघायला पायजे आता!"

डबा घेतला नाही. एका ओळखीच्या मिठाईवाल्याकडून किटलीभर चक्क्याचं पाणी आणायला लागले आणि त्यात कणीक मळायला लागले. चपात्या आंबट व्हायच्या, पण आप्पा त्या चावताना सूड घेतल्यासारखे दिसत.

काकूंसाठी मध्यंतरी एक बाई ठेवून बघितली होती. चांगली धडधाकट होती. आठवडाही झाला नाही आणि आप्पांनी तिला नको म्हणून सांगितलं. गल्लीत विचारलं तर म्हणाले, "ताकदच न्हाय तिला. चहावर जगती आन माणूस उचलती व्हय?" बाई रस्त्यानं जाताना आम्ही बघितली होती. तिच्या डोक्यावर गव्हाचं पोतं होतं आणि ती फोनवर बोलत चालली होती. पण आप्पांशी वाद कोण घालणार?

मग म्हशीच्या कॅल्शियमचं प्रकरण झालं.

बिद्रीला पुतण्याची म्हैस व्याली होती. आप्पा बघायला गेले आणि येताना जनावरांच्या कॅल्शियमचा कॅन घेऊन आले. मला गणित समजावून सांगितलं. म्हशीला रोज किती, म्हशीचं वजन किती, आपलं वजन किती, त्या मानानं आपल्याला किती. त्रैराशिक बिनचूक होतं. मी म्हणालो, "आप्पा, हे माणसांसाठी नाही."

"हाडं काय येगळी असत्यात? पांढरीच की!"

डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या चालूच होत्या. एव्हाना आप्पा 'ड' बाटलीतूनही घ्यायला लागले होते, कारण पावसाळा होता. त्यात हे. चार-आठ दिवसांनी बरं वाटतंय म्हणून त्यांनी माप वाढवलं. "म्हस नुसतं दूध देती. मी माणूस उचलतो. काम माझं जड हाय."

पुढे त्यांना खूप तहान लागायला लागली, मळमळायला लागलं, पोट साफ होईना आणि पाय कापसाचे झाले. पोतं दोन दिवस कट्ट्याखालीच राहिलं. मीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सगळी हकिकत ऐकली आणि पेन खाली ठेवलं.

"आप्पा, तुम्ही म्हैस आहात का?"

"न्हाय. पर म्हस तुमच्या दवाखान्यात कवा आलती का, सांगा."

"हसू नका. रक्तातलं कॅल्शियम चढलंय. मूत्रपिंडं जायची वेळ आली असती. कमी असेल ते भरून काढायला गोळी असते. भरलेल्या घागरीत आणखी ओतून ताकद येत नाही."

आप्पांनी मान हलवली. पण सलाईनसाठी राहायला सांगितलं तेव्हा उठून उभे राहिले. हाताचा आधार न घेता, नुसत्या मांडीवर. "लावा काय लावायचं ते. पर दुपारच्याला मी घरी जानार. तिला खुर्चीतनं काढायचं हाय." शेवटी सुमनवहिनी काकूंपाशी बसल्या आणि आप्पा सलाईनची बाटली संपायची वाट बघत नळीतले थेंब रागावून बघत राहिले.

त्याच आठवड्यात एकदा समोरून जड काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी धावत गेलो. दार आतून बंद होतं.

"आप्पा?"

"काय न्हाय वो! पातेलं पडलं!" आवाज जमिनीवरून येत होता.

"मी येऊ का आत?"

"पातेलं उचलायला दोन मानसं लागत्यात व्हय?"

मी दाराशी थांबलो. आत बराच वेळ घासल्याचा, सरकल्याचा, धापा टाकल्याचा आवाज येत होता. मधूनच आप्पांचं "हां, हां, झालंच" ऐकू यायचं. शेवटी पलंग करकरला. मग आप्पांनी दार उघडलं. कपाळावर टेंगूळ होतं. "दार लागलं," म्हणाले. दार बाहेरच्या बाजूला उघडतं.

डॉक्टरीणबाईंनी ते टेंगूळ बघितलं आणि पुण्याला प्रकाशला, आप्पांच्या मुलाला, फोन केला. तो लगेचच्या रविवारी आला. चांगला मुलगा आहे, आईसाठी डायपरांचं खोकं आणि वडलांसाठी फळं घेऊन आला. पण येतानाच ठरवून आला होता. मला मुद्दाम बोलावून घेतलं, साक्षीला असावं तसं.

"आप्पा, तिकडं एक केंद्र बघितलंय. स्वच्छ आहे. चोवीस तास माणसं आहेत. पेशंटला उचलायला मशीन आहे."

"मशीनला कळतंय काय तिचा डावा खांदा दुखतोय म्हणून?"

"आप्पा, तुम्ही दोघं पडला होता. लपवू नका. उद्या तिचं हाड मोडलं म्हणजे?"

"कॅल्शियम हाय माझ्यात. डॉक्टरला इचार, जास्तच हाय."

"चेष्टा नको. तुमच्यानं ती उचलत नाही आता. एवढंच मान्य करा, म्हणजे झालं."

आप्पांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग म्हणाले, "कितीचा हायस तू?"

"म्हणजे?"

"वजन, वजन."

"ब्याऐंशी."

"ये. बस त्या खुर्चीवर."

प्रकाश माझ्याकडे बघून कसनुसं हसला. मी म्हणालो, "आप्पा, नको." आप्पांनी ऐकलं नाही. एक पाय त्याच्या दोन पायांच्या मध्ये रोवला, गुडघे वाकवले, त्याचे हात आपल्या गळ्यात घालून घेतले. "आंग सैल सोड. मदत करायची न्हाय. तुला लकवा झालाय म्हणून समज." आणि 'हूंऽ' करून त्यांनी पन्नाशीच्या मुलाला उभं केलं. मानेच्या शिरा तटतटल्या. वळले, एक पाऊल, अर्धं पाऊल, आणि त्याला पलंगाच्या कडेला, काकूंच्या पायापाशी, बसवलं. अगदी हळू.

आवाज ऐकून दारात जमलेल्या शेजाऱ्यांपैकी कुणीतरी "नादखुळा!" म्हणून ओरडलं. प्रकाशनं वडलांच्या गळ्यातले हात लगेच काढले नाहीत. आप्पाच म्हणाले, "सोड आता. तुझ्या आईची पाळी हाय."

संध्याकाळी तो एकटाच पुण्याला परत गेला. जाताना मला म्हणाला, "सर, लक्ष असू द्या. मला कळवत जा." 

दुसऱ्या दिवशी सकाळी पोत्याचा आवाज आला नाही. मी चहा ठेवत होतो. समोरच्या खिडकीतून हाक आली, "सर." आप्पांची हाक कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत जाते. ही खिडकीच्या गजांपर्यंतच आली होती.

गेलो. आप्पा दाराची चौकट धरून उभे होते, कमरेत काटकोनात वाकलेले. घाम आला होता. पाठ धरली होती.

"डॉक्टरांना बोलावू?"

"ते नंतर. ती पहाटंपासनं खुर्चीत हाय. तिथवर नेलं आन धरली." थोडं थांबून म्हणाले, "जरा हात लावता काय?"

इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याकडे काही मागत होता हे पहिल्यांदाच. मी आत जायला निघालो, तर त्यांनी दंड धरला.

"चष्मा काढा."

मला वाटलं, उचलताना काकूंच्या अंगात अडकेल म्हणून. काढला. आप्पांनी तो आपल्या हातात घेतला. माझा नंबर फार मोठा आहे. आतल्या खोलीत मला एक खुर्चीसारखं काही आणि त्यावर हिरवट रंगाचं लुगडं एवढंच दिसलं. त्या हिरव्यात काहीतरी सारखं हलत होतं. वर जायचं, घसरायचं, परत वर जायचं. जवळ गेल्यावर कळलं, तो काकूंचा डावा हात होता. पदर डोक्यावर ओढत होता आणि पदर घसरत होता.

"आगं, सर हायेत," आप्पा म्हणाले. "त्यास्नी चष्म्याबिगर काय दिसत न्हाय. भिंत कुठली आन मी कुठला, तेबी कळत न्हाय." हात हलतच होता. आप्पांनी माझ्यासमोर काहीतरी धरलं. "सर, सांगा, किती बोटं हायेत?"

मला खरोखरच दिसत नव्हतं. "तीन?"

"बघ! एकबी बोट वर न्हाय. मूठ हाय!"

काकूंच्या घशातून एक आवाज आला. त्या हसल्या होत्या.

मग आप्पांनी, वाकल्या वाकल्याच, त्यांचा पदर कपाळापर्यंत नीट आणला आणि कानामागे खोचला. मला म्हणाले, हळू, "ती बाई काय वाईट नव्हती, सर. ताकदबी हुती तिला. पर ही तोंड भिंतीकडं करून पडायची. रडायची. लगीन होऊन आल्यापासनं हिनं परक्याम्होरं डोक्यावरनं पदर ढळू दिला न्हाय. आता एकच हात चालतोय. त्या हातानं पदर धरंल का उचलणाऱ्याचा गळा धरंल? माझ्यापाशी तसं न्हवं. माझ्यापाशी गळाच धरती."

मी पुढे झालो. आप्पांनी सांगितलं तसा पाय रोवला, गुडघे वाकवले, हात मागे नेले. पदर जागेवर आहे याची काकूंनी एकदा बोटांनी खात्री केली. मग तो हात पदरावरून निघाला आणि माझ्या मानेमागे येऊन घट्ट बसला.

"एक," आप्पा म्हणाले. "दोन. हां, पाठ न्हाय, मांड्या!"

त्या उठल्या. मला वाटलं होतं त्याहून हलक्या होत्या.

पलंगावर बसवून झाल्यावर आप्पा भिंतीला टेकले. "उद्यापतोर सुटतीया पाठ. उद्या मी एकटा करतो."

"बरं."

सरळ व्हायला गेले आणि कण्हून परत भिंतीला टेकले. मग म्हणाले, "तरीबी या तुमी. चष्मा घरीच ठिवून या."

मी चाचपडत बाहेर आलो. चष्मा त्यांच्याच हातात राहिला होता. पायरीवर उभा राहून विचार करत होतो की मागायला परत जावं का. खिडकीतून आप्पांचा आवाज आला.

"गेलं बघ ते आंधळं. आता सोड तो पदर. उकडतंय तुला."